चौदाव्या लुईची कंपनी: राजाच्या हुकमावर निघालेलं भांडवल

गलबत (धागाकर्ता)

१६६४ साली फ्रान्समधल्या मोठमोठ्या शहरांना चौदाव्या लुईची पत्रं गेली. मतलब असा की पूर्वेकडच्या व्यापारासाठी आम्ही कंपनी काढत आहोत, गावातल्या प्रतिष्ठितांची सभा बोलवा आणि कोण किती रक्कम घालणार ते कळवा. भाषा विनंतीची होती. पण कोणी हात आखडता घेतला हे वरपर्यंत पोचणार, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

युरोपातल्या निरंकुश राजांनी दर्यावर्दींना पैसा दिला आणि त्या जोरावर युरोप जगभर पसरला, हे आपण शाळेपासून वाचत आलोय. या समजुतीला लुईचं उदाहरण जड जातं. त्या काळी युरोपात त्याच्याइतका दरारा असलेला दुसरा राजा नव्हता. देश मोठा, लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास, फौज अफाट. आणि त्याची पूर्वेकडची कंपनी मात्र हॉलंडसारख्या चिमुकल्या देशाच्या कंपनीपुढे पन्नास वर्षं धापा टाकत राहिली. माझं मत असं की हे राजाची सत्ता असूनही झालं नाही, बरंचसं त्या सत्तेमुळेच झालं. आता तपशील.

१६६१ च्या मार्चमध्ये पंतप्रधान माझारँ वारला आणि २२ वर्षांच्या लुईनं जाहीर केलं की आता पंतप्रधान नेमणार नाही, कारभार मीच बघणार. त्याचा उजवा हात म्हणजे कोलबेर. रँस गावच्या कापडवाल्याचा मुलगा, आकडेमोडीत पक्का, कमालीचा कष्टाळू आणि तितकाच रुक्ष. जगातला व्यापार ठरावीकच आहे, तो वाढत नाही. तेव्हा आपला वाटा वाढवायचा तर डचांचा कापावा लागेल, असं त्याचं गणित. डचांची कंपनी १६०२ पासून मसाले आणि कापडावर गब्बर झालेली. म्हणून तशीच एक आपणही काढू.

कंपनीचं भांडवल ठरलं दीड कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). त्यातले ३० लाख राजाचे, तेही बिनव्याजी, आणि पहिल्या दहा वर्षांत तोटा झाला तर तो आधी राजाच्या रकमेतून वळता करायचा. गुंतवणूकदाराला याहून गोड अट कुठली मिळणार? शिवाय केप ऑफ गुड होपच्या पलीकडच्या व्यापाराचा ५० वर्षांचा मक्ता. उमरावांनी शेअर घेतले तर त्यांच्या खानदानीपणाला बट्टा लागणार नाही अशी हमी. (फ्रेंच उमरावानं व्यापार केला तर उमरावपण जाण्याची भीती असे.) अकादमीतले एक विद्वान शार्पांतिए यांच्याकडून कोलबेरनं पुस्तिका लिहून घेतली. तिच्यात मादागास्कर म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग. हवा छान, जमीन सुपीक, सोनंसुद्धा आहे म्हणे.

तरी पैसा येईना. राजानं दिले, राजघराण्यानं दिले, दरबाऱ्यांनी दिले, करवसुलीचे मक्ते घेऊन गब्बर झालेल्यांनी नाक मुठीत धरून दिले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते खरे व्यापारी काठावर उभे. रक्कम तीन हप्त्यांत भरायची होती. कित्येकांनी पहिला हप्ता भरला, राजाला तोंड दाखवण्यापुरतं काम झालं, आणि पुढचे हप्ते बुडवले. चारेक वर्षांनी हिशेब केला तर ठरलेल्या भांडवलाच्या निम्म्याहून जरासंच जास्त जमलं होतं.

आणि त्यातला मोठा भाग गेला कुठे? मादागास्करला. १६६५ च्या मार्चमध्ये ब्रेस्ट बंदरातून चार जहाजं निघाली ती भारताकडे नाही, फोर्ट दोफँ नावाच्या त्या बेटावरच्या ठाण्याकडे. बेटाचं नाव बदलून युवराजाच्या नावावर ठेवलं होतं. तिथे वसाहत करायची, शेती करायची, जहाजांचा थांबा उभारायचा, मग सावकाश भारत. १६६७ मध्ये दुसरा, आणखी मोठा ताफा वसाहतवाल्यांना घेऊन पोचला, तर तिथे आधीच्यांच्याच खाण्याचे वांधे. ताप, उपासमार, स्थानिकांशी उभं वैर. १६७४ मध्ये कत्तल झाली आणि उरलेसुरले फ्रेंच ठाणं सोडून निघून गेले. नफ्याच्या नावानं शून्य.

भारतात जे काही झालं ते फ्रांस्वा कॅरॉनमुळे. हा माणूस स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. ह्यूगेनॉ (फ्रेंच प्रोटेस्टंट) घराण्यातला, जन्म ब्रसेल्सचा, डच जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून जपानला गेला, जपानी शिकला, तिथल्या डच वखारीचा मुख्य झाला आणि पुढे बटाव्हियात (डचांचं जावामधलं मुख्य ठाणं) दोन नंबरच्या हुद्द्यापर्यंत चढला. डचांशी बिनसल्यावर कोलबेरनं त्याला उचललं. १६६८ च्या सुरुवातीला तो सुरतेला उतरला आणि फ्रेंचांची भारतातली पहिली वखार तिथे उभी राहिली. पुढच्या वर्षी मच्छलीपट्टणला दुसरी. ती मिळवली मार्कारा या इस्फहानच्या आर्मेनियन माणसानं, आणि कॅरॉननं त्याच्याशी भांडण काढून त्यालाच कैद करवलं!

मग राजाला घाई झाली. १६७० मध्ये द ला हे या सेनानीला राजाचा प्रतिनिधी म्हणून नऊ जहाजांचा लढाऊ ताफा देऊन पाठवलं. पूर्वेकडे फ्रान्सच्या राजाचं वैभव दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. १६७२ मध्ये त्यानं श्रीलंकेत त्रिंकोमालीला ठाणं करायचा प्रयत्न केला, तो डचांनी उधळला. मग मद्रासजवळचं सेंट थोमे गोवळकोंड्याकडून हिसकावलं. त्याच वर्षी लुईनं युरोपात हॉलंडवर स्वारी केली होती, त्यामुळे इकडे डच आणि गोवळकोंडा दोघंही उलटले. दोन वर्षं वेढा. १६७४ च्या सप्टेंबरात शरणागती. कॅरॉनला तोवर परत बोलावलं होतं. १६७३ मध्ये लिस्बनजवळ जहाज बुडून तो मेला.

व्यापारी कंपनीला शांतता हवी असते. तिचा सगळ्यात मोठा भागधारक दर काही वर्षांनी युद्ध पुकारत होता, आणि त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

शेंगदाणा_लाडू

जबरी. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: राजा एवढा निरंकुश होता तर पत्रं कशाला लिहीत बसला? सरळ कर लावायचा आणि कंपनी काढायची. "मीच राज्य" म्हणणाऱ्याला वर्गणी मागायची वेळ का यावी?

फडणीशी

ते वाक्य तो म्हणाल्याचा पुरावा नाही, पण तो वेगळा विषय.

शंका मात्र नेमकी आहे. निरंकुश म्हणजे मनात येईल तेव्हा तिजोरी भरता येते असं नव्हे. उमराव आणि चर्चवाले मुख्य करातून सुटलेले. अप्रत्यक्ष कर मक्त्यानं दिलेले: मक्तेदार आगाऊ रक्कम राजाला देणार आणि मग रयतेकडून वसूल करणार. सरकारी पदं विकली जात, न्यायाधीशाचीसुद्धा, आणि विकत घेतलेलं पद पुढच्या पिढीला जाई. म्हणजे राजाचं आजचं उत्पन्न म्हणजे उद्याच्या उत्पन्नावर काढलेली उचल. त्यातून जहाजांना पैसा काढायचा तर लोकांच्या खिशापर्यंत गोडीगुलाबीनंच जावं लागे.

आता धाग्यात राहून गेलेली गोष्ट. ५ सप्टेंबर १६६१ ला लुईनं आपला वित्तप्रमुख फुके याला नाँतमध्ये अटक करवली. (अटक करणारा अधिकारी दार्तान्यां, हो, 'थ्री मस्केटियर्स'मधला तोच.) त्यानंतर खास न्यायालय बसवून सरकारशी व्यवहार करणाऱ्या सावकारांची झाडाझडती सुरू झाली. हिशेब उकरले, जबर दंड बसवले. हे न्यायालय १६६४ मध्ये जोरात चालू होतं. त्याच १६६४ मध्ये कोलबेरनं सरकारी कर्जरोख्यांवरही कात्री चालवली. पॅरिसच्या मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी त्या रोख्यांत, त्यामुळे गावात हाहाकार.

आणि त्याच वर्षी, त्याच मंत्र्याच्या सांगण्यावरून पत्र येतं की आमच्या कंपनीत पैसे घाला, दहा वर्षं तोटा आम्ही सोसू. ल्यों किंवा रूआँच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा. अट गोड आहे, पण ती मोडली तर दाद कुठल्या कोर्टात मागायची? कोर्ट त्याचं, कायदा त्याचा, आणि जुने करार तो कसे निकालात काढतो हे कालच बघितलंय. सावकार मंडळींनी पैसे भरले ते याच न्यायालयाच्या धाकानं. त्यांच्या लेखी ती गुंतवणूक नव्हती, सुटकेची फी होती.

शेंगदाणा_लाडू

आई गं. म्हणजे धाड पडलेल्याच आठवड्यात त्याच साहेबाच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण :)

रास्तापेठकर

लेख छान आहे, पण "राजा वाईट, प्रजासत्ताक चांगलं" इतकं सोपं चित्र मला पटत नाही. डचांच्या कंपनीचं फार कौतुक होतं म्हणून थोडं पाणी ओततो.

तिचे संचालक भागधारकांनी निवडलेले नव्हते, शहरांच्या सत्ताधारी घराण्यांतले होते. हिशेब दाखवायला टाळाटाळ. पहिला लाभांश मिळाला तो १६१० मध्ये, तोही रोख नाही. जायपत्री घ्या आणि विका! इझाक ल मेअर नावाचा बडा भागधारक इतका भडकला की १६०९ मध्ये त्यानं साथीदार जमवून, हातात नसलेले शेअर आधीच विकून भाव पाडायचा खेळ केला. तेव्हा भागधारकाला मान होता वगैरे म्हणू नका. आणि १६२१ मध्ये बांदा बेटांवर याच कंपनीनं जायफळासाठी जवळपास सगळी मूळ वस्ती मारून किंवा हाकलून संपवली. तो हुकूम कुठल्या निरंकुश राजानं दिला नव्हता.

दुसरं असं की लुई डचांपेक्षा ६० वर्षं उशिरा उतरला. तोपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या, मसाल्याची बेटं बंद झालेली. उशिरा येणाऱ्याला पदरचा तोटा सोसणारा कोणीतरी लागतोच. राजा नसता तर ही कंपनी निघालीच नसती.

गलबत (धागाकर्ता)

उशिराचा मुद्दा मान्य. बांदाबद्दल तर वादच नाही. नफ्याची आणि माणुसकीची गल्लत मी करत नाहीये.

पण ल मेअरचं उदाहरण उलट माझ्या बाजूनं जातं. त्याला राग आला तर तो बाजारात जाऊन कंपनीला दणका देऊ शकला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १,१०० हून जास्त लोकांनी सुरुवातीला पैसे घातले होते, त्यात एका संचालकाच्या घरची मोलकरीणसुद्धा होती, तिचे १०० गिल्डर. हिशेब दाखवोत न दाखवोत, हिस्सा विकून मोकळं होता येत होतं. लुईच्या कंपनीत विकणार कुणाला? घेणारेच जबरदस्तीनं आणलेले.

मांडवीकाठ

आमच्या गोव्याच्या बाजूचाही हिशेब येऊ दे. पोर्तुगालमध्ये सुरुवातीला राजानंच धंदा केला आणि तो चालला. दुसरा जॉन आणि त्यानंतरचा मानुएल, दोघांनीही पूर्वेचा मार्ग हे राजाचं खाजगी काम मानलं. १४९८ मध्ये गामा कालिकतला, १५१० मध्ये गोवा. लिस्बनला नदीकाठच्या राजवाड्याला लागूनच कासा द इंडियाची (राजाच्या पूर्वेकडच्या व्यापाराची कचेरी) कोठारं, म्हणजे राजा वर राहतो आणि खाली मिरी उतरते. फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस मानुएलला किराणा दुकानदार राजा म्हणून हिणवायचा. हिणवणाऱ्यानं पुढे कार्तिए या दर्यावर्दीला कॅनडाला पाठवलं. तिकडून हिरे आणि सोनं म्हणून जे आणलं ते गारगोटी आणि लोहमाक्षिक (सोन्यासारखं चमकणारं खनिज) निघालं, आणि फ्रेंचांत "कॅनडाच्या हिऱ्यासारखं खोटं" ही म्हण रुजली.

राजाचा धंदा चालला, कारण समोर कोणी नव्हतं. स्पर्धा नसली की कारभार कसाही चालतो. आणि तिथेही राजाची मक्तेदारी ज्यांच्या हातांनी चालायची त्यांना वाटा द्यावाच लागे. पगार तुटपुंजा, म्हणून खलाशापासून कप्तानापर्यंत प्रत्येकाला हुद्द्याप्रमाणे जहाजावर स्वतःच्या मालाची पेटी न्यायची मुभा. परतीच्या नावेवर त्या पेट्या आणि गाठोडी डेकवर इतकी रचलेली असत की वादळात शिडं हाताळायला जागा उरत नसे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या ज्या हकिगती आहेत त्यांत हे पुन्हा पुन्हा येतं.

शेवटी कर्ज वाढत गेलं, १५४९ मध्ये राजाची अँटवर्पची पेढी बंद झाली, १५६० मध्ये कासा द इंडियानं देणी थांबवली. डच-इंग्रज आल्यावर यांनाही सुचलं की कंपनी काढावी. १६२८ मध्ये काढली. तेव्हा पोर्तुगालवर स्पेनचाच राजा होता. व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली, भांडवल मुख्यतः राजाकडूनच आलं, १६३३ मध्ये गुंडाळली. लुईच्या ३० वर्षं आधी हा प्रयोग फसून झाला होता.

फडणीशी

१६२८ चा दाखला उत्तम. इंग्लंडचंही बघा. दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली, सांभाळायला महाग पडली, तर २७ मार्च १६६८ च्या सनदेनं वर्षाला १० पौंड भाड्यावर कंपनीला देऊन टाकली. म्हणजे कॅरॉन सुरतेला उतरून दीड महिनाही झाला नव्हता. एका राजानं हात झटकले आणि दुसऱ्यानं त्याच सुमाराला हात घातला.

ब्रेतान्यातली_मनी

मी फ्रान्समधल्या लॉरियाँपासून तासाभरावर राहते म्हणून लिहिते. कंपनीचं जे दिसण्यासारखं उरलंय ते इथे आहे. १६६६ मध्ये स्कॉर्फ आणि ब्लावे नद्या मिळतात तिथल्या ओसाड जागेवर जहाजं बांधायला परवानगी मिळाली, आणि त्यातून हे गाव उभं राहिलं. समोरच्या पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीचं संग्रहालय आहे. खाडीतून बोटीनं जाता येतं.

तिथे जहाजांच्या प्रतिकृती आणि चिनीमातीची भांडी बघायला गर्दी असते. मी मात्र दर वेळी कापडापाशी थांबते. आपल्याकडचं छापील, रंगवलेलं सुती कापड. मंजिष्ठाचा लाल अजून तसाच, निळीच्या कडा किंचित पसरलेल्या, एका ठिकाणी वेलाची रेघ कारागिराच्या हातातून हललेली स्पष्ट दिसते. जवळून बघितलं की कळतं, ही रेघ ठशाची नाही, कलमानं ओढलेली आहे. तीनशे वर्षं झाली आणि धुऊन गेलेलं नाही. युरोपात तेव्हा सुतावर असा पक्का रंग चढवता येत नव्हता, म्हणून तर सगळे वेडे झाले होते.

आणि याच कापडावर फ्रान्सनं बंदी घातली! ऑक्टोबर १६८६. ल्योंचे रेशीमवाले आणि लोकरवाले ओरडले, आणि लुईच्या सरकारनं छापील सुती कापड आणणं, छापणं सगळं बेकायदा ठरवलं. म्हणजे राजानं कंपनी काढली, तीस लाख घातले, आणि तिचा सगळ्यात खपणारा माल राजानंच बंद केला. परदेशात विकायची मुभा होती, बाकी चोरटा व्यापार. बायका घालायच्या थांबल्या नाहीत, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूरसुद्धा वापरायची. बंदी उठली १७५९ मध्ये. दक्षिणेकडे प्रोव्हाँसच्या बाजारात अजून त्या नक्ष्यांचे टेबलक्लॉथ "अँदियेन" (म्हणजे भारतीय) म्हणून विकतात. आमच्या आईला एक पाठवला तर म्हणाली, एवढे पैसे घालून आपलंच कापड आणलंस होय.

शेंगदाणा_लाडू

आईंना साष्टांग नमस्कार.

अर्जुनाकाठचा

आमच्या राजापूरचं नाव कोणीतरी काढेल म्हणून थांबलो होतो. फ्रेंचांनी सुरतेनंतर राजापुरातही वखार घातली होती, म्हणजे थेट शिवाजीमहाराजांच्या मुलखात. १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरात इंग्रजांना चांगलाच धडा दिला होता, त्या पार्श्वभूमीवर हे नवे टोपीकर जपून वागत. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हा फ्रेंच वखारीला धक्का लागला नाही. शेजारच्या सराईत काश्गरचा पदच्युत राजा उतरला होता, त्याच्यावर जायला फ्रेंचांनी मराठ्यांना आपल्या आवारातून वाट दिली. इंग्रजांनी याबद्दल फ्रेंचांना नावं ठेवली, पण माल त्यांचाही वाचलाच की!

१६७७ च्या दक्षिण दिग्विजयात पाँडिचेरीचा प्रसंग आला. ज्या शेरखान लोदीनं फ्रेंचांना जागा दिली होती त्याचा महाराजांनी धुव्वा उडवला. फ्रांस्वा मार्टिन तिथला प्रमुख. त्यानं जर्मँ नावाचा वकील नजराणा घेऊन छावणीत पाठवला. जर्मँनं पाहिलं ते मार्टिननं टिपून ठेवलंय: छावणीत डामडौल नाही, बायका नाहीत, लवाजमा नाही, तंबू दोनच, तेही साध्या जाड्याभरड्या कापडाचे आणि अगदी लहान. एक महाराजांचा, एक पेशव्यांचा. जर्मँचा धनी तेव्हा व्हर्सायच्या वाड्यावर पाण्यासारखा पैसा ओतत होता. महाराजांनी फ्रेंचांना अभय दिलं, अट एवढीच की कुणाची बाजू घ्यायची नाही.

नकाशेवाला

एका बाजूवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नफ्याच्या तराजूत लुई हलका पडतो, हे खरं. पण ज्ञानाच्या बाबतीत राजाच्या पैशानं जे झालं ते व्यापारी कंपनीनं कधी केलं नसतं. १६६६ मध्ये विज्ञान अकादमी, १६६७ मध्ये पॅरिसची वेधशाळा. १६७२ मध्ये रिशे या खगोलशास्त्रज्ञाला दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला पाठवलं. त्यानं आणि पॅरिसमध्ये कासिनीनं एकाच वेळी मंगळाचे वेध घेतले आणि सूर्यापर्यंतचं अंतर बऱ्यापैकी जवळ काढलं. शिवाय रिशेच्या लक्षात आलं की पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ कायेनला दिवसाला अडीच मिनिटं मागे पडतं. विषुववृत्ताकडे गुरुत्व कमी. पृथ्वी पुरती गोल नाही, मध्ये फुगलेली आहे, या न्यूटनच्या मांडणीला याचा आधार झाला. यात कुठल्या शेअरवाल्याला लाभांश मिळणार होता?

उलट बाजूही सांगतो. कॅनडातून निघून ला साल हा फ्रेंच शोधप्रवासी ९ एप्रिल १६८२ ला मिसिसिपीच्या मुखाशी पोचला आणि त्यानं सगळ्या खोऱ्याला लुईचं नाव दिलं, लुईझियाना. राजाची प्रतिक्रिया? १६८३ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात लुई म्हणतो की हा शोध अगदी निरुपयोगी आहे, असले उद्योग यापुढे होऊ देऊ नका. वर्षभरात स्पेनशी बिनसलं आणि तोच शोध एकदम कामाचा वाटू लागला, कारण तिथून मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींना शह देता येईल. १६८४ मध्ये ला सालला चार जहाजं आणि सुमारे ३०० माणसं दिली. समुद्रात रेखांश मोजायची सोय नव्हती. तो मुख ओलांडून शेकडो किलोमीटर पुढे टेक्सासच्या किनाऱ्याला लागला. १६८७ मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला गोळी घातली. त्याचं 'ला बेल' जहाज १९९५ मध्ये माटागोर्डा उपसागराच्या चिखलात सापडलं. तोफा, मण्यांच्या पेट्या, दोरखंडांच्या वेटोळ्यावर पडलेला एका खलाशाचा सांगाडा.

पॅरिसला गेलात तर राष्ट्रीय ग्रंथालयात कोरोनेल्ली या इटालियन नकाशाकाराचे दोन गोल (एक पृथ्वीचा, एक आकाशाचा) जरूर बघा. लुईसाठी १६८० च्या दशकात बनवलेले, प्रत्येकाचा व्यास जवळजवळ चार मीटर. पृथ्वीच्या गोलावर कॅलिफोर्निया चक्क बेट आहे. राजाला नजर केलेल्या वस्तूवर "इथलं ठाऊक नाही" असं कोण लिहिणार?

रास्तापेठकर

कॅनडा निघालाच आहे तर: १६६३ मध्ये लुईनं तो खाजगी कंपनीकडून काढून स्वतःकडे घेतला आणि दहा वर्षांत ८०० च्या आसपास मुली सरकारी खर्चानं लग्नासाठी पाठवल्या. हे राजाच करू जाणे. पण १६६६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यानं आणखी माणसं मागितली तर कोलबेरचं उत्तर असं की कॅनडा वसवायला फ्रान्स रिकामा करणं शहाणपणाचं नाही. ह्यूगेनॉ जायला एका पायावर तयार, तर त्यांना तिथे वस्ती करायला मनाई! १६८५ मध्ये लुईनं त्यांचे फ्रान्समधलेही हक्क काढून घेतले तेव्हा त्यांतले व्यापारी, विणकर आणि खलाशी हॉलंड-इंग्लंडला गेले. काही तर डच जहाजांतून केपला जाऊन द्राक्षं लावत बसले. या बाबतीत गलबत यांच्याशी माझं भांडण नाही. प्रतिस्पर्ध्याला तयार माणसं फुकट पुरवण्याचा उद्योग कुठलाही दुकानदार करणार नाही.

अर्जुनाकाठचा

मग प्रश्न उरतो तो पाँडिचेरीचा. एवढं सगळं फसलं तर ती टिकली कशी?

गलबत (धागाकर्ता)

मार्टिनमुळे, आणि बरीचशी उधारीवर. हा पॅरिसच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा १६६५ च्या त्या पहिल्या ताफ्यातून मादागास्करला गेलेला. तिथली उपासमार बघितली, सुरत, मच्छलीपट्टण, सेंट थोमे सगळं बघितलं, आणि १६७४ मध्ये मोजक्या माणसांनिशी पाँडिचेरीत उतरला. व्हर्सायकडून वर्षानुवर्षं ना जहाज ना पैसा. मग हा स्थानिक सावकारांकडून कर्ज काढायचा, विणकरांना आगाऊ रक्कम देऊन गावात आणून बसवायचा, आजूबाजूच्या सत्तांशी जुळवून घ्यायचा. राजाचा वकील म्हणून नाही, पेठेत पत असलेला माणूस म्हणून त्याला पैसे मिळत. जे लुईच्या पत्रांना जमलं नाही ते याला जमलं, ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते.

तरी युरोपातलं डचांशी पेटलेलं युद्ध त्यालाही भोवलंच. राजाराममहाराज जिंजीला वेढ्यात अडकलेले, पैशाची चणचण. डचांनी त्यांच्याकडून पाँडिचेरीचा हक्क पैसे देऊन घेतला आणि १६९३ मध्ये ती जिंकली. ते युद्ध संपवणाऱ्या १६९७ च्या रिस्विकच्या तहात लुईनं ती परत मिळवली. तेवढ्या वर्षांत डचांनी तिथे चांगली तटबंदी बांधून ठेवली होती. ताबा देताना त्यांनी त्या बांधकामाचं बिल पुढे केलं आणि फ्रेंच कंपनीला १६,००० पॅगोडा (दक्षिणेतलं सोन्याचं नाणं) मोजून द्यावे लागले. ते पैसे देण्याइतकी कंपनीची ऐपत नव्हतीच; काही वर्षांनी तिनं आपला मक्ता सेंट-मालोच्या व्यापाऱ्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि १७१९ मध्ये जॉन लॉ या स्कॉट अर्थकारण्यानं ती आपल्या नव्या कंपनीत जिरवली. मार्टिन १७०६ च्या शेवटी पाँडिचेरीतच वारला.

लॉचा फुगा आणि १७२० चा गोंधळ यावर वेगळा धागा काढतो, तो इथे मावायचा नाही.